टोकियोतील सात दिवस

परदेशप्रवासाचे वर्णन लिहिताना राजवाडे, मनोरे आणि बाजार यांची यादी देण्याचा प्रघात आहे. अशी यादी कोणत्याही प्रवासपुस्तिकेत मिळते; तिच्यासाठी आपल्या वार्षिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्हांस जपानच्या राजधानीत सात दिवस राहण्याचा योग आला. आमच्यासमवेत आपल्या शाळेचे भूगोलाचे सर होते. त्यांचे नाव लेखात घालू नये असा त्यांचा आग्रह आहे. आणि तुम्हां विद्यार्थ्यांना ते सांगावयासही नको. या प्रवासाची मूळ कल्पना त्यांचीच, आणि तिच्यामागे एक कारण होते. ते त्यांच्या अनुमतीने येथे प्रथमच सांगत आहोत.

सरांचे बालपण लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळच्या एका खेड्यात गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गाव झोपी गेले असता, पहाटे चारच्या सुमारास तेथे भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. सर त्या वेळी नऊ वर्षांचे होते. त्यांची आजी व धाकटी बहीण त्या रात्री घराच्या भिंतीखाली सापडल्या. पुढे मदत आली, नवे गाव वसले, सर शिकले आणि भूगोलाचे शिक्षक झाले. परंतु ‘हा देवाचा कोप होता’ हे लहानपणी कानांवर पडलेले वाक्य त्यांच्या मनातून गेले नव्हते. जे नगर पुनःपुन्हा भस्मसात झाले, ते प्रत्येक वेळी उभे कसे राहिले आणि उभे राहताना काय शिकले, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे होते. आमच्या सात दिवसांचा क्रम या एकाच प्रश्नाने ठरला.

पहिला दिवस : रिकामा चौथरा

टोकियोचे जुने नाव एदो. १५९० साली तोकुगावा इयेयासु हा सरदार या खाडीकाठच्या गावी आला. १६०३ मध्ये तो शोगुन, म्हणजे देशाचा प्रत्यक्ष सत्ताधारी झाला आणि गावाचे नगर बनले. १८६८ साली सम्राटाची सत्ता पुन्हा प्रस्थापित झाली, तेव्हा एदोचे नाव ‘टोकियो’, म्हणजे पूर्वेकडील राजधानी असे ठेवण्यात आले. आज या महानगरप्रदेशाची लोकसंख्या सुमारे एक कोटी चाळीस लक्ष आहे.

शोगुनांच्या किल्ल्याच्या जागी आज सम्राटाचा राजवाडा आहे. त्याची पूर्वेकडील उद्याने लोकांसाठी खुली असतात. खंदक ओलांडून, प्रचंड शिळांनी रचलेल्या तटांमधून चालत गेल्यावर एका हिरवळीच्या कडेला दगडी चौथरा दिसतो. त्यावर काहीही नाही. पूर्वी किल्ल्याचा मुख्य बुरूजवाडा येथे होता व तो जपानातील सर्वांत उंच वास्तूंपैकी एक गणला जाई. १६५७ साली एदोला भयंकर आग लागली. शहराचा बहुतांश भाग जळाला आणि हा वाडाही जळाला. चौथरा लगेच पुन्हा बांधण्यात आला. परंतु वाडा बांधावयाचा की नाही, असा प्रश्न आला तेव्हा होशिना मासायुकी या वजनदार मंत्र्याने सल्ला दिला की, शांततेच्या काळात अशा वाड्याचे प्रयोजन नाही. द्रव्य नगराच्या उभारणीस लावावे. हा सल्ला मानला गेला. त्यामुळे साडेतीन शतकांहून अधिक काळ तो चौथरा तसाच आहे.

या आगीनंतर नगरात रुंद मोकळे रस्ते राखण्यात आले, की ज्यांवरून ज्वाळांना उडी घेता येऊ नये. उएनो भागातील एका हमरस्त्याच्या नावात ‘रुंद वाट’ हा अर्थ अजून शिल्लक आहे. सुमिदा नदीवर पूल नसल्यामुळे असंख्य लोक काठावर अडकून मेले होते; म्हणून त्या ठिकाणी पूल बांधण्यात आला. ज्या मृतांना ओळखणारे कोणी उरले नव्हते, त्यांच्यासाठी नदीपलीकडे एकोइन नावाचे मंदिर स्थापन झाले. ते आजही आहे.

सर चौथऱ्यावर बराच वेळ उभे होते. ते म्हणाले, “आपल्याकडे इतिहासात काय बांधले ते शिकवतात. काय बांधले नाही, हेही शिकवावयास हवे.”

दुसरा दिवस : करुणेचे मंदिर आणि मुळ्याचा नैवेद्य

आसाकुसा भागातील सेन्सोजी हे टोकियोतील सर्वांत प्राचीन मंदिर होय. परंपरा अशी की, ६२८ साली दोघां कोळी बंधूंच्या जाळ्यात सुमिदा नदीतून एक मूर्ती आली. ती कान्नोनची, म्हणजे करुणेच्या देवतेची होती. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर होय. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील हाती कमळ घेतलेले ते ख्यातनाम चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पुस्तकात पाहिले असेल. तीच ही करुणेची कल्पना चीनमार्गे या बेटापर्यंत पोहोचली. महाद्वाराशी लाल कागदाचा अजस्र कंदील लोंबतो. तेथून मंदिरापर्यंत दुतर्फा दुकानांची गल्ली आहे व तिच्यातून अखंड गर्दी वाहत असते. मात्र धक्काबुक्की नाही की आरडाओरडा नाही.

१९२३ च्या भूकंपातून हे मंदिर वाचले. परंतु १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते जळाले. सध्याचे मुख्य मंदिर १९५८ साली काँक्रीटमध्ये बांधले गेले आणि २०१० साली त्याच्या छपरावरील कौले बदलून टायटॅनियम या हलक्या धातूची बसविण्यात आली. यामागील तत्त्व साधे आहे. छप्पर जितके जड, तितका भूकंपात इमारतीवर येणारा भार मोठा. हे ऐकताच सरांच्या चेहऱ्यावर जे उमटले, त्याचा अर्थ आम्हांस लगेच कळला. मराठवाड्यातील त्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, आणि त्यांवर उन्हाळ्याचा ताप निवारण्यासाठी घातलेला मातीचा जाड थर. उन्हापासून रक्षण करणारे ते माळवद त्या पहाटे काळ ठरले.

मंदिराच्या आवारात गिंको जातीचा एक वृद्ध वृक्ष आहे. १९४५ च्या आगीत तो होरपळला. खोडावर जळाल्याच्या खुणा अजून आहेत. नोव्हेंबरअखेर त्याची पाने सोन्यासारखी पिवळी होतात. गिंकोच्या सालीत व पानांत पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने तो आगीस सहजासहजी बळी पडत नाही; म्हणून जपानात तो मंदिरांभोवती व रस्त्यांच्या कडेने लावतात. टोकियोने आपला नगरवृक्ष म्हणून त्याचीच निवड केली आहे.

तेथून नदीच्या बाजूने थोडे चालले की मात्सुचियामा नावाच्या टेकाडावर आणखी एक मंदिर लागते. त्याची देवता शोतेन, म्हणजे जपानी रूपातील आपला गणपती. मूर्ती कोणास दाखवीत नाहीत. नैवेद्य मोदकांचा नसून पांढऱ्या मुळ्याचा! भक्तजन मुळे घेऊन येतात. दारावर व पायऱ्यांवरही मुळ्याची चिन्हे कोरलेली आहेत. आम्हीही दोन मुळे अर्पण केले. सर म्हणाले, “आमच्या गावाने विसर्जन करून दिलेल्या निरोपानंतर चार प्रहरही लोटले नव्हते. पुष्कळ वर्षे मी गणपतीवर रागावलो होतो.” पुढे ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही काही विचारले नाही.

तिसरा दिवस : १ सप्टेंबर १९२३

र्योगोकु भागातील योकोआमिचो उद्यानात एक मोठे स्मृतिमंदिर आहे. ते १९३० साली पूर्ण झाले. त्याचे शिल्पकार इतो चूता. मागे तीन मजली स्तूप असून त्यात सुमारे एक लक्ष त्रेसष्ट हजार मृतांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी सुमारे अठ्ठावन्न हजार १९२३ च्या भूकंपातील व उरलेल्या १९४५ च्या हवाई हल्ल्यांतील होत.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना भूकंप झाला. त्याची तीव्रता ७.९ होती. घरोघरी दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकडाची होती आणि दूरवरून जाणाऱ्या चक्रीवादळामुळे वारा जोराचा होता. अनेक ठिकाणी एकाच वेळी आगी लागल्या. एकंदर सुमारे एक लक्ष पाच हजार माणसे मेली अथवा बेपत्ता झाली. त्यांतील बहुसंख्य आगीचे बळी होते. हे उद्यान आहे तेथे त्या वेळी लष्कराच्या कपड्यांच्या कोठारांचे मोकळे मैदान होते. सुरक्षित जागा म्हणून हजारो लोक तेथे जमले. येताना त्यांनी गाठोडी, गाद्या, पेट्या, हातगाड्या आणल्या. ठिणग्या पडून तेच सामान पेटले, अग्नीची वावटळ उठली आणि या एका मैदानात सुमारे अडतीस हजार माणसे प्राणांस मुकली.

शेजारच्या संग्रहालयात आगीने वितळून एकमेकांस चिकटलेल्या वस्तू ठेवल्या आहेत. एखादे लोखंडी यंत्र मेणासारखे वाकलेले पाहिले की त्या उष्णतेची कल्पना येते.

त्याच उद्यानात १९७३ साली उभारलेला एक लहानसा स्मृतिस्तंभ आहे; तोही आम्ही मुद्दाम पाहिला. भूकंपानंतर ‘कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत’ अशी खोटी अफवा पसरली. त्या अफवेवर विश्वास ठेवून जमावांनी, आणि काही ठिकाणी सैनिक व पोलिसांनीही, कोरियन लोकांची हत्या केली. तिचे बळी हजारोंनी मोजावे लागतात, असे इतिहासकार सांगतात. धरणी काही मिनिटे हलली. अफवा अनेक दिवस माणसे मारीत राहिली. विद्यार्थी मित्रहो, आज बातमी हातातील फोनवरून क्षणार्धात पसरते. तेव्हा संकटसमयी ऐकीव गोष्ट पुढे न सांगणे हेही जीव वाचविण्याचेच काम आहे, हे ध्यानात ठेवा.

चौथा दिवस : हलणारी खोली

सुमिदा विभागातील होन्जो येथे टोकियोच्या अग्निशमन दलाने एक शिक्षणकेंद्र चालविले आहे. तेथे कोणासही विनामूल्य संकटाचा सराव करावयास मिळतो. आमच्या तुकडीत एका प्राथमिक शाळेची रंगीत टोप्या घातलेली मुले होती. प्रथम एका खोलीत कृत्रिम धूर सोडून, वाकून व भिंतीस हात लावून बाहेर पडावयास शिकविले. मग पडद्यावर दिसणाऱ्या आगीवर अग्निशामक नळकांडे चालवावयास दिले. शेवटी मेज व खुर्च्या मांडलेला एक मंच होता. तो यंत्राने हलविला जातो व भूकंपाचा भास होतो.

येथे भूकंपमापनाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण याबाबत फार घोटाळा होतो. ‘तीव्रता’ किंवा मॅग्निट्यूड हा आकडा भूकंपात एकंदर किती ऊर्जा बाहेर पडली हे सांगतो. एका भूकंपास तो एकच असतो. त्यात एक अंकाची वाढ झाली की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. याउलट एखाद्या ठिकाणी धक्का किती जोराचा बसला, हे दाखविणारे निराळे माप जपानात वापरतात. त्यास ‘शिंदो’ म्हणतात. त्याच्या शून्यापासून सातपर्यंत पायऱ्या आहेत. पाच व सहा यांचे प्रत्येकी दोन भाग केल्याने एकूण पायऱ्या दहा होतात. दिव्याची शक्ती एकच असते, पण जवळच्यास उजेड अधिक व दूरच्यास कमी मिळतो. या दोन मापांचा संबंध तसाच आहे.

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. म्हणजे १९२३ च्या भूकंपात त्याच्या शेकडोपट ऊर्जा मोकळी झाली होती. तरीही किल्लारी परिसरात दहा हजार माणसे गेली. आज टोकियोत तेवढ्या तीव्रतेचा धक्का बसला, तर इतकी हानी होणार नाही. कारण येथील कायद्याने घरांची बांधणीच बदलली आहे. १९२३ च्या अनुभवानंतर १९२४ साली इमारतीच्या कायद्यात भूकंपाचा विचार सक्तीचा झाला. १९५० साली नवा कायदा आला. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर १९८१ साली नियम आणखी कडक झाले. आजही जपानात घर घेणारा मनुष्य ते १९८१ च्या आधीचे की नंतरचे, हे आवर्जून विचारतो.

मंच हलू लागताच मुलांनी मेजाखाली जाऊन त्याचे पाय घट्ट धरले. कोणी ओरडले नाही. त्यानंतर आमची पाळी आली. सर क्षणभर दाराशीच थांबले. आम्ही म्हटले, “सर, नको असल्यास राहू द्या.” ते म्हणाले, “नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी यासाठी थांबलो आहे.” मंच हलला, थांबला, सर मेजाखालून बाहेर आले. त्यांचे हात थरथरत होते. पण आवाज शांत होता. ते म्हणाले, “आमच्या घरात मेज नव्हते. असते तरी त्या छपराखाली टिकले नसते. धरणीने कोणास मारले नाही, भिंतीने मारले. भिंत माणूस बांधतो, म्हणून ती बदलताही येते.”

पाचवा दिवस : उएनोचा स्तूप आणि हत्तीण

उएनो हे टोकियोतील विस्तीर्ण उद्यान. तेथील तळ्याच्या मध्यभागी बेंतेन देवीचे मंदिर आहे. ही देवी हाती वीणेसारखे वाद्य धारण करते, विद्या व कला यांची अधिष्ठात्री आहे आणि तिचे मूळ आपली सरस्वतीच होय.

जवळच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात १६३९ साली बांधलेला पाच मजली लाकडी स्तूप उभा आहे. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे हल्ले या दोहोंतून तो वाचला. अशा स्तूपांच्या मध्यभागी एक उंच खांब असतो. मजले परस्परांस ताठ जखडलेले नसतात, तर खाचा व सांध्यांनी जोडलेले असतात. धक्का बसला की मजले निरनिराळ्या दिशांनी डोलतात आणि सांध्यांच्या घर्षणात ऊर्जा विरते. २०१२ साली खुला झालेला ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा बांधताना जपानी अभियंत्यांनी हीच जुनी युक्ती ध्यानात घेतली. त्याच्या पोटात काँक्रीटचा स्वतंत्र मध्यस्तंभ आहे आणि तो डोलणे आवरण्यास साहाय्य करतो. पूर्वजांचे ज्ञान पूजेपुरते न ठेवता उपयोगात कसे आणावे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या प्राणिसंग्रहालयाची एक हकीकत तुम्हांस आवडेल. १९४३ साली, बॉम्बहल्ल्यात हिंस्र व मोठे पशू मोकळे सुटतील या भीतीने, त्यांना ठार करण्याचा हुकूम झाला. त्यात तीन हत्तींची उपासमार करण्यात आली. युद्ध संपले. जपानी मुलांना हत्ती पाहावयाचा होता. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रे लिहिली. पंडित नेहरूंनी १९४९ साली एक हत्तीण धाडली व तिला आपल्या कन्येचे ‘इंदिरा’ हे नाव दिले. १९८३ पर्यंत ती येथे जगली आणि जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांची लाडकी झाली. ज्या देशात त्या वेळी अन्नाची टंचाई होती, त्या देशातील मुलांनी हत्ती मागावा आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने तो द्यावा, हे दोघांच्याही मोठेपणाचे लक्षण नव्हे काय?

सहावा दिवस : शाळेशेजारची बाग

१९२३ नंतर राजधानीच्या पुनर्रचनेचे काम गोतो शिनपेई यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांची योजना फार मोठी होती. तिच्यावर टीका झाली आणि निधीत कपात झाली. तरीही १९३० पर्यंत नवे रुंद रस्ते, सुमिदेवर पोलादी पूल, तीन मोठी उद्याने आणि बावन्न लहान बागा झाल्या. या लहान बागा प्राथमिक शाळांना लागून केलेल्या होत्या. शाळेच्या इमारती लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधल्या. अशा शाळा टोकियो शहरात एकशे सतरा होत्या. हेतू असा की, नित्य मुलांनी बागेत खेळावे आणि संकटात सगळ्या वस्तीने तेथे आसरा घ्यावा. गिंझा या श्रीमंत पेठेत १९२९ साली बांधलेली ताइमेई शाळा अद्याप चालू आहे; तिच्याजवळ त्या बागांपैकी एक आहे.

सरांनी लगेच म्हटले, “आमच्याकडे नव्या जागी वसवलेली गावेही बावन्नच!” हा केवळ योगायोग, परंतु त्या आकड्याने आमच्यात एक लांब वाद निर्माण झाला. आमचे म्हणणे असे की, जपान श्रीमंत आहे, म्हणून हे त्यास साधते. सरांचे उत्तर असे की, १९२३ मध्ये हा देश आजच्याइतका श्रीमंत नव्हता. आणि शाळेला सर्वांत मजबूत इमारत द्यावयाची, हा निर्णय पैशाच्या आधी मनात व्हावा लागतो. या उत्तरास आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हते.

तथापि सर्व शिकवण वेळेवर उपयोगी पडली असे मात्र नाही. दुपारी आम्ही कोतो विभागातील, नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिलेल्या एका छोट्या संग्रहालयात गेलो. ते १० मार्च १९४५ च्या रात्रीविषयी आहे. त्या रात्री सुमारे तीनशे अमेरिकी विमानांनी दाट वस्तीवर आग लावणारे बॉम्ब टाकले. वारा जोराचा होता. एका रात्रीत सुमारे एक लक्ष माणसे मेली व दहा लक्षांहून अधिक बेघर झाली. भूकंपानंतर बांधलेल्या कोतोतोई पुलावर दोन्ही काठांची माणसे पळत येऊन समोरासमोर अडकली आणि तेथेच जळाली. भूकंपासाठी केलेली तयारी माणसाने माणसावर पाठविलेल्या आगीपुढे पुरी पडली नाही. जपाननेही त्या युद्धात आशियातील अनेक देशांवर अपार अत्याचार केले होते. निसर्गाच्या संकटावर विज्ञान उपाय सांगू शकते. युद्धावरील उपाय मात्र माणसाच्या बुद्धीत व हृदयातच शोधावा लागतो.

सायंकाळी त्सुकिजी होनगानजी मंदिर पाहिले. पूर्वीचे मंदिर १९२३ च्या आगीत गेले. इतो चूता यांनी १९३४ साली हे नवे बांधले. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात प्रवास केला होता. दर्शनी भागावरील पिंपळपानी कमान पाहताच अजिंठा व कार्ले येथील चैत्यगृहांची आठवण झाली.

सातवा दिवस : खरे बोलणारा नकाशा

शेवटचा दिवस एदोगावा विभागातील निशिकासाई या वस्तीसाठी राखला होता. येथे संगणकक्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. बाजारात तूरडाळ मिळते आणि मराठी शब्द कानी पडतात. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले होते.

एदोगावाची सुमारे सत्तर टक्के भूमी भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ साली तेथील प्रशासनाने महापुराच्या धोक्याचा नकाशा घरोघर वाटला. त्याच्या मुखपृष्ठावरच, महापुराच्या वेळी या विभागात राहू नये, वेळीच बाहेर पडावे, असे स्पष्ट छापले होते. आपल्या प्रदेशाविषयी इतके कटू सत्य स्वतः प्रशासनाने लोकांना सांगावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटले. भय लपविल्याने नाहीसे होत नाही. ते सांगितले म्हणजे मनुष्य तयारी करतो.

तेथे एका मराठी गृहिणीने आम्हांस चहापानास बोलाविले. त्यांची कन्या जपानी प्राथमिक शाळेत शिकते. तिने आपले जाड कापडाचे टोपडे दाखविले. एरवी ते वर्गात खुर्चीवर गादीसारखे असते. भूकंपात डोक्यावर घ्यावयाचे. तिने आम्हांस शाळेतील चार नियमही म्हणून दाखविले : ढकलू नका, धावू नका, बोलू नका, मागे परतू नका. सरांनी तिला विचारले, “शेवटचा नियम कशासाठी, बाळ?” ती म्हणाली, “काका, दप्तर आणायला परत गेलं, तर माणूसच येत नाही.” र्योगोकुच्या मैदानातील गाठोडी व हातगाड्या आम्हां दोघांच्याही डोळ्यांसमोर आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या अडतीस हजार मृत्यूंचा धडा आता आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी चार शब्दांत आला होता.

अनेक वस्त्यांतून रोज सायंकाळी ध्वनिक्षेपकांवर बालगीताची धून वाजते. मुलांना ती घरी परतण्याची खूण वाटते. त्याचबरोबर संकटाची सूचना देणारी यंत्रणा नीट चालते आहे की नाही, हेही तिच्यावरून रोज तपासले जाते.

उपसंहार

आता या सात दिवसांचे सार सांगून लेख पुरा करतो. भूकंप केव्हा होईल याचे नेमके भाकीत आजही कोणास करता येत नाही. २००७ पासून जपानात लोकांना जी पूर्वसूचना मिळते, ती भूकंप सुरू झाल्यानंतरची असते : वेगाने येणारी सौम्य लहर आधी टिपून, मागून येणाऱ्या विनाशक लहरीची वर्दी काही सेकंद अगोदर दिली जाते. केंद्राच्या अगदी जवळ तेवढाही अवधी मिळत नाही. म्हणून खरा आधार तीन गोष्टींचा : नीट बांधलेली भिंत, नित्याचा सराव आणि न विसरलेली आठवण. जपानने १ सप्टेंबर हा दिवस १९६० पासून संकटनिवारणाचा दिवस म्हणून पाळावयास घेतला, तो याच हेतूने.

दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे धरणी हलत नाही, असे आपले वडीलधारे म्हणत आले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का व १९९३ चा किल्लारीचा धक्का या दोहोंनी तो समज खोटा ठरविला. तेव्हा आमची तुम्हांस विनंती अशी की, हा लेख वाचून झाल्यावर तीन गोष्टी कराव्या. आपल्या वर्गातून मैदानापर्यंत जाण्यास किती पावले व किती वेळ लागतो, ते मोजावे. घरात डोक्यावर पडेल असे जड सामान कोठे आहे, ते पाहून खाली उतरवावे. आणि घरातील वडील मंडळींना त्यांनी पाहिलेला पूर, आग अथवा भूकंप यांविषयी विचारून ती हकीकत वहीत लिहून ठेवावी.

येत्या ३० सप्टेंबर रोजी शाळेत पहिला सराव घ्यावा, असे सरांनी सुचविले असून मुख्याध्यापकांनी त्यास संमती दिली आहे. त्या दिवशी सराव आटोपल्यावर सर स्वतः तुमच्यापुढे त्या पहाटेविषयी बोलणार आहेत. ही गोष्ट त्यांनी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. ती तुम्ही शांतपणे ऐका, आणि घरी जाऊन प्रथम आपल्या घराच्या भिंतींकडे पाहा.